पुढच्या सीटवरचं बाळ

रविवारी सकाळी मी खाली जाऊन गाडीत बसतो, हे आता आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला वॉचमन धावत यायचा, गेट उघडू का विचारायचा. मी हातानेच नको म्हणायचो. मला कुठे जायचं नसायचं. मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा असायचा, आणि तो घरात बसून घेतला की माझ्या पाठीमागे नुसती भिंत आणि बंद टीव्ही दिसायचा. नात दोन मिनिटांत कंटाळून उठून जायची. गाडीत मात्र ती रमते, हे मला योगायोगानेच कळलं. हॉर्न वाजवून दाखवायचा, वायपर फिरवायचे, इंडिकेटरची टिकटिक ऐकवायची. ती न्यूझीलंडला. तिथे तेव्हा दुपार असते, ती जेवून उठलेली असते. आणि मी इकडे डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी विभागात, उभ्या गाडीत पट्टा लावून बसलेला. उभ्या गाडीत पट्टा कशाला, असं कुणीही म्हणेल. पण ती विचारते, आबा पट्टा लावलास का, म्हणून लावायचा.

कॉल संपायच्या आधी मी फोन डावीकडे वळवायचो आणि विचारायचो, "ही जागा कुणाची?"

"माझी," ती इतक्या जोरात म्हणायची की फोनचा आवाज फाटायचा.

मग मी तिला सांगायचो, ये लवकर, तुला शेजारी बसवून सगळं गाव दाखवतो. कल्याणची खाडी दाखवतो, ठाण्याची तलावपाळी दाखवतो, माणकोलीचा नवा पूल दाखवतो. ती प्रत्येकाला हो म्हणायची. खाडी म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण शेजारी म्हणजे काय ते ठाऊक होतं. हा खेळ महिनोन्महिने चालला. मुलगी मागे कुठेतरी स्वयंपाकघरात असायची, तिचं लक्ष नसायचं. किंवा असेलही, तिने मला कधी अडवलं नाही.

बायको गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलेलं नव्हतं. बसणार कोण? मित्र आपापल्या गाड्यांतून फिरतात, नाहीतर फिरतच नाहीत. मी एकटा भाजी आणायला जातो, एकटा बँकेत जातो, आणि कधी कधी उगाच शिळफाट्यापर्यंत जाऊन परत येतो. मेट्रोच्या कामाची धूळ खायची आणि घरी यायचं. डावीकडे बघून काही बोलायची सवय मात्र सुटत नाही. "बघ, हा कसा आडवा घुसला," असं म्हणून झाल्यावर आपल्यालाच आपलं ऐकू येतं.

ती जागा बायकोची होती म्हणजे अगदी तिचीच होती. बायको उंचीने कमी. सीट पार पुढे ओढून घ्यायची, गुडघे डॅशबोर्डला टेकतील इतकी, आणि पाठीशी घरातली उशी. पट्ट्याशी तिचं कधीच पटलं नाही. मानेला घासतो म्हणायची, आणि तो खरंच घासायचा, कारण तो तिच्या खांद्याऐवजी गळ्यावरून जायचा. पट्टा न लावता बसलं की ही गाडी कोकलायला लागते. ते टूं-टूं सुरू झालं की बायको म्हणायची, "अहो, हिला आधी गप्प करा." पुढे तिनेच उपाय काढला. पट्टा खोबणीत अडकवून टाकायचा आणि त्याच्या पुढे बसायचं. पट्टा पाठीमागे, ही पुढे. गाडीचं समाधान झालं, तिचंही झालं. शिळफाट्याला ट्रॅफिक पोलीस दिसला की ती काळी ओढणी खांद्यावरून तिरकी ओढून कमरेशी धरायची. लांबून पट्टाच वाटायचा. पोलीस निघून गेला की माझ्याकडे बघून हसायची, आणि मीही हसायचो. आयुष्यभर केमिकल कंपनीत नोकरी केलेला, दर सुरक्षा सप्ताहात हात पुढे करून शपथ घेतलेला माणूस मी. शपथ कंपनीच्या गेटाच्या आतली होती, असं म्हणू या.

मुलीचं बाळंतपण आमच्याकडे झालं, रीतच आहे. हॉस्पिटलमधून घरी येताना मुलगी टाक्यांमुळे मागच्या सीटवर आडवी, आणि बाळ पुढे आजीच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं. मी गाडी इतकी हळू चालवली की मागून रिक्षावाले शिव्या घालत होते. पुढे बाळाचे डोस, देवदर्शन, कल्याणला मावशीकडे, ठाण्याला फोटो काढायला, सगळीकडे नात पुढे आजीच्या मांडीवर. कुणी काही म्हणालं तर बायकोचं उत्तर ठरलेलं: माझ्या मांडीवर आहे, जातेय कुठे.

आणि तिथेच, त्या सीटच्या समोर, उन्हासाठी खाली ओढायची जी झडप असते, तिच्यावर एक पिवळं चित्र चिकटवलेलं होतं. खुर्चीत एक बाळ, त्याच्यासमोर काहीतरी मोठं गोल फुगलेलं, आणि शेजारी लाल वर्तुळात तिरकी रेघ. खाली इंग्रजीत बारीक मजकूर. बायकोने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "बघा, केवढ्या फुग्याशी खेळतंय बाळ." झडपेवर छोटा आरसाही होता. तिला आरसा दिसला की टिकली बदलावीशी वाटायची, आणि जुनी टिकली टाकवत नसे. आमच्या बाथरूमच्या आरशाभोवती जशा टिकल्या होत्या तशा गाडीतही जमायला लागल्या, लाल, मरून, एक हिरवी. आणि एके दिवशी तिने एक बारकी काळी टिकली काढून त्या चित्रातल्या बाळाच्या गालावर लावली. एवढं गोंडस बाळ, दृष्ट लागायची, म्हणून तीट. मांडीवरच्या नातीलाही तेवढीच तीट होती. दोन्ही बाळं एकमेकांकडे बघत कल्याणपर्यंत जायची. ते चित्र आम्ही दोघं रोज बघत होतो, आणि खालची अक्षरं आम्ही दोघांनीही एकदाही वाचली नाहीत.

नात दीड वर्षाची असताना मुलगी-जावई तिला घेऊन परदेशी गेले. त्याच्या पुढच्या वर्षी बायको गेली. शेवटचं आम्ही गाडीतून आलो तेव्हा मटार घेऊन आलो होतो, ती उतरली, पिशव्या घेतल्या, वर गेली. हॉस्पिटलला नेताना मात्र अॅम्ब्युलन्स आली. त्यामुळे गाडीत सगळं ती उतरली तसंच राहिलं. सीट पुढे ओढलेली. उशी. आणि पट्टा पाठीमागून अडकवलेला. मी उशी घरात नेली, धुतली. सीटला आणि पट्ट्याला हात लावला नाही. ठरवून वगैरे नाही, पण नाही लावला.

तर अशा त्या जागेवर नात बसणार होती, आणि मी त्या एका गोष्टीवर सबंध वर्ष काढलं होतं.

मुलगी आणि नात नाताळच्या सुट्टीत आल्या. जावयाला रजा नव्हती. विमानतळावर मुलगी ट्रॉली ढकलत बाहेर आली, तिच्यावर दोन बॅगा आणि त्यांच्यावर झाकण घातलेली एक अवाढव्य खुर्ची. मला वाटलं, खेळणं असेल. पार्किंगमध्ये तिने ती खुर्ची काढली, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, स्वतः गुडघ्याने तिच्यावर दाब देऊन पट्टे आवळले, हलवून बघितली, पुन्हा आवळले. मी टॉर्च धरून उभा राहावं तसा नुसता उभा. नात मात्र तोवर पुढचा दरवाजा उघडून उभी होती.

"आबा, माझी जागा," ती म्हणाली.

मुलीने तिला उचललं, मागे नेलं, खुर्चीत बसवलं आणि छातीवर चार बाजूंनी पट्टे बांधले. पुढे मोठी मुलं बसतात, तू बारा वर्षांची झालीस की बस, असं तिला समजावलं. नात रडायला लागली. बारा वर्षांची होईल तेव्हा मी गाडी चालवत असेन का, आणि असेन तरी का, एवढंच मनात आलं. मग मुलगीही तिच्याशेजारी मागेच बसली, कारण मूल रडत होतं. मी पुढे एकटा. विमानतळापासून डोंबिवलीपर्यंत मी आरशात बघत होतो. आरशात एक कपाळ आणि थोडे केस दिसत होते.

त्यानंतर रोजचं तेच. मी पुढे, त्या दोघी मागे. त्यांचं इंग्रजी-मराठीत काहीतरी चाललेलं असायचं, आणि गाडीच्या आवाजात मला अर्धंच कळायचं. काय म्हणाली गं, विचारलं की मुलगी म्हणायची, काही नाही बाबा, तुम्ही रस्ता बघा. मानपाडा रोडला त्या दोघी एका दुकानात गेल्या होत्या आणि मी बाहेर थांबलो होतो. एक गृहस्थ मागचा दरवाजा उघडून आत बसले, बॅग मांडीवर घेतली आणि मला ओटीपी सांगितला. मी म्हटलं, साहेब, ही खासगी गाडी आहे. ते लहान मुलाच्या खुर्चीकडे बघत उतरले आणि वर मलाच म्हणाले, मग असे का बसलात? मुलगी आल्यावर मी तिला हे सांगितलं, ती पोट धरून हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढलाच. म्हटलं, निदान गल्लीतल्या गल्लीत तरी तिला पुढे बसू दे, मी मुंगीच्या पावलाने चालवतो. मुलगी शांतपणे सांगत होती, जसं तिच्या आईशी बोलताना सांगायची. डॅशबोर्डमध्ये जी एअरबॅग असते ती हळूच फुगणारा फुगा नाही. धक्का बसला की पापणी लवायच्या आत ती फुटून बाहेर येते, आणि ती मोठ्या माणसासाठी बनवलेली असते, पट्टा लावून, मागे टेकून बसलेल्या. मुलाचं डोकं आणि मान नेमकी तिच्या वाटेत येते. ज्या वेगाने ती मोठ्याला वाचवते त्याच वेगाने लहानाला मारू शकते. हळू चालवून काही फरक पडत नाही, कारण समोरून येणारा हळू येत नाही. मी विचारलं, मग ती बॅग बंद करून घेऊ या? तर म्हणाली, आपल्या गाडीत तसं बटण नाही, आणि असतं तरी मूल मागेच बरं.

हे सगळं मला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच राग येत होता. मी म्हणालो, "तुझ्या आईच्या मांडीवर दीड वर्ष बसली ती. काही झालं का?"

"नाही झालं, म्हणून आपण हे बोलतोय," ती म्हणाली.

"तुझी आई तिला जिवापाड सांभाळायची."

"सांभाळायचीच. पण त्याला हात पुरत नाहीत, बाबा. बाळाच्या मागे आई, पुढे बॅग, मधे कोण होतं, सांगा ना." मग ती म्हणाली, "मी मागे झोपले होते तेव्हा. मलाही कुठे माहीत होतं."

मी ताट तसंच ठेवून उठलो. मेलेल्या माणसाला आता परीक्षेला बसवतेस का, असं काहीतरी मी बोललो. बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आमचा अबोला होता. आबांना सांग चहा झालाय, असं ती नातीला सांगायची, आणि आईला सांग साखर कमी आहे, असं मी. नातीला हा खेळ फार आवडला, दिवसभर निरोप पोचवत होती.

परदेशात राहणारी माणसं इथे आली की दात करून घेतात. मुलीचाही ठाण्याला नौपाड्यात जुना डेंटिस्ट आहे, शाळेत असल्यापासूनचा. त्या आठवड्यात दुपारची वेळ मिळाली. मी दोघींना घेऊन गेलो. क्लिनिकच्या गल्लीत एका झाडाखाली जागा मिळाली, हे ठाण्यात म्हणजे लॉटरीच. मुलगी म्हणाली, तासभर लागेल, तुम्ही दोघं गाडीतच बसा, आत ती रडारड करेल. आणि गेली.

ती दरवाज्याआड झाल्याबरोबर मागून आवाज आला, "आबा, आता?"

वर्षभर कबूल केलेली गोष्ट होती. मी मागे वळून बघितलं. तिने काही हट्ट केला नाही, फक्त विचारलं, आणि हट्ट केला असता तर कदाचित मी नाही म्हणू शकलो असतो. मी मनाशी हिशोब केला: तलावपाळी दोन गल्ल्या पलीकडे. एक फेरी मारायची, घोडागाडी दिसली तर दाखवायची, परत ह्याच झाडाखाली. कुणाला कळणार नाही. मी उतरलो, तिचे पट्टे सोडले, तिला उचललं आणि पुढे आणून बसवलं.

ती बसली. पाय हवेत, हात दोन्हीकडे टेकलेले, चेहरा लखलखीत. सीट पार पुढे ओढलेली असल्यामुळे तिचं तोंड डॅशबोर्डच्या अगदी जवळ होतं. तिला पट्टा लावावा म्हणून मी हात नेला, आणि तो हात तिच्या पाठीमागच्या पट्ट्यावर गेला. तो काढल्याशिवाय तिला लावता येणार नव्हता. ती लाल कळ दाबायची, बस. मला ती दाबवेना. म्हटलं, राहू दे, दोन गल्ल्या तर जायचंय. आणि मी येऊन माझ्या जागी बसलो, गाडी चालू केली. गाडी गप्प होती. पट्टा अडकवलेला होता ना, तिच्या दृष्टीने सगळं ठीक होतं.

मी डावीकडे बघितलं, आणि डावीकडे कुणीतरी होतं. मला फार बरं वाटलं. इतकं की मी गिअर टाकायचा विसरलो आणि नुसता तिच्याकडे बघत बसलो.

तेवढ्यात तिने झडप खाली ओढली. आरसा बघून खूश झाली, जीभ काढून दाखवली, टिकल्यांवरून बोट फिरवलं. ह्या कुणाच्या, विचारलं. आजीच्या, मी म्हटलं. मग तिचं बोट त्या चित्रावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"ह्या बेबीला लागलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं, ते फुग्याशी खेळतंय.

"नाही. ते त्याला मारतंय." तिने त्या काळ्या टिकलीला हात लावला. "म्हणून आजीने पट्टी लावलीय."

तिकडे न्यूझीलंडला इंजेक्शन दिल्यावर गोल, छोटी पट्टी लावतात. तिला ती टिकली तशी दिसली. तिला आजी आठवत नाही, टिकली तिच्या घरात कुणी लावत नाही, त्यामुळे तिला जे दिसलं ते असं सरळ दिसलं: एका बाळाला लागलं, आजीने बघितलं, आणि पट्टी लावली. मग तिने स्वतःच्या छोट्या पर्समधून एक पट्टी काढली, कसलंतरी कार्टून असलेली. दातांनी कागद सोडवला आणि ती बाळाच्या पोटावर चिकटवली. एक पुरत नाही, म्हणाली.

मी चष्मा लावला आणि खालची अक्षरं वाचली. मुलीने जेवताना सांगितलं होतं तेच, कमी शब्दांत. वाचताना मला सारखं ते दुपटं दिसत होतं. बाळाच्या टाळूवर हात ठेवून बसलेली बायको दिसत होती, शिळफाट्याला ओढणी सावरताना मांडीवरच्या बाळाला एका हाताने धरलेली. आमचं नशीब चांगलं होतं, दुसरं काही नाही. आणि आता मी तेच नशीब पुन्हा वापरायला निघालो होतो, तेही पट्टा नसताना, कारण मला शेजारी कुणीतरी हवं होतं.

मी गाडी बंद केली. तिला उचलून मागे नेलं. ती रडली, आणि भरपूर रडली. पाय झाडले, आबा खोटारडा म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी तिचे पट्टे लावायला घेतले. कुठली कळ कुठे जाते हे मला कळत नव्हतं, तर रडता रडता तिनेच दाखवलं. मग पुढे जाऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. मी तिच्याशेजारी मागेच बसलो. आपल्याच गाडीत मागच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. तिथून दोन्ही पुढच्या सीटच्या पाठी तेवढ्या दिसतात. हळूहळू तिचं रडणं उतरलं आणि तिने माझा अंगठा धरला.

मुलगी आली तेव्हा आम्ही असे होतो. भूल दिल्यामुळे तिचं अर्धं तोंड वाकडं होतं आणि तिला धड बोलता येत नव्हतं. मी ती संधी साधून सगळं सांगून टाकलं, पुढे बसवलं तेही, गाडी चालू केली तेही. ती दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता बोलेल, उद्या परत जाते म्हणेल. ती म्हणाली, वाकड्या तोंडाने आणि तुटक, पण मला नीट कळलं:

"तुम्हाला पुढे हीच हवीय असं नाही, बाबा. कुणीतरी हवंय."

मी हो म्हटलं. एवढंच, हो.

त्या एका शब्दाने अबोला संपला. पण तिने पुढे बसते म्हटलं नाही आणि मीही म्हणालो नाही. पुढचे दिवस पूर्वीसारखेच गेले, मी पुढे, त्या मागे. खाडी बघितली, पूल बघितला. फरक एवढाच की आता त्या मागून मला मोठ्याने सांगायच्या, काय चाललंय ते.

त्यांचं जायचं विमान दुपारचं होतं. सकाळी बॅगा भरून झाल्या, नातीला खुर्चीत बसवलं, ती पाच मिनिटांत पेंगायला लागली. मुलगी मागचा दरवाजा लावून पुढे आली. पुढचा दरवाजा उघडला आणि उभी राहिली. सीटकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. तिच्या लक्षात आलेलं होतं, बहुतेक पहिल्या दिवसापासूनच.

"बाबा, हे तुम्ही काढा," ती म्हणाली.

मी वळसा घालून गेलो आणि लाल कळ दाबली. मला वाटलं होतं, गंज चढला असेल, अडकेल, जोर लावावा लागेल. काही नाही. पट्टा सर्रकन सुटला आणि आपल्या जागी वर जाऊन बसला. मुलीने खालची दांडी ओढून सीट पार मागे सारली. म्हणाली, इतकं पुढे मोठ्यांनीसुद्धा बसायचं नसतं. आईला कुणी सांगितलंच नाही. मग ती बसली, पट्टा लावला, आणि आम्ही निघालो.

काटई, शिळफाटा, ऐरोली, सबंध रस्ता ती माझ्या शेजारी होती. मी एकदा म्हटलं, बघ, हा कसा आडवा घुसला, आणि ती म्हणाली, हो ना. काटईला ऊन तोंडावर आलं म्हणून तिने झडप खाली ओढली. टिकल्या, काळी टिकली, कार्टूनची पट्टी, सगळं बघितलं. पट्टी कुणाची हे तिने विचारलं नाही, ती तिनेच विकत घेतली असणार. आजी आणि नात त्या एवढ्याशा कागदावर शेजारी शेजारी होत्या. मुलीने झडप बराच वेळ तशीच खाली ठेवली, ऊन बाजूला गेलं तरी.

खुर्ची ती माझ्याकडेच ठेवून गेली. पुढच्या वेळी लागेल म्हणाली. पुढच्या वेळी नात तिच्यात मावणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी ती काढलेली नाही. आरशात आता ती रिकामी दिसते.

परवा मी बाजारात गेलो होतो. पाच किलो तांदूळ घेतले, एकट्याला बरेच दिवस जातात. नेहमीप्रमाणे पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, गाडी चालू केली आणि गल्लीतून बाहेर काढली, तर टूं-टूं, टूं-टूं सुरू झालं. क्षणभर मला कळेना, बिघडलं काय. मग लक्षात आलं. इतकी वर्षं पट्टा अडकवलेला होता म्हणून गाडी गप्प होती. आता पट्टा नाही आणि सीटवर वजन आहे, त्यामुळे तिला वाटत होतं, शेजारी कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही.

पिशवी उचलून खाली ठेवली असती तर आवाज थांबला असता. मी हात पुढे केलाही. मग डावीकडे बघितलं, अहो हिला आधी गप्प करा, असं म्हणणारं कुणी नव्हतं. मी हात परत घेतला. घर येईपर्यंत ती कोकलत होती, आणि मी सिग्नलला, वळणावर, गतिरोधकावर, सगळीकडे हळू चालवत होतो.